न बघता लिहिलेला रकाना

न झालेल्या ऑपरेशनात काय दिसलं, हे मी एकदा वहीत लिहून ठेवलं होतं. गर्भाशय नॉर्मल, दोन्ही नळ्या नॉर्मल, पी.ओ.डी. क्लिअर. बाई मात्र थिएटरात आलीच नव्हती. सकाळी तिला ताप भरला म्हणून टेबलावर घ्यायच्या आधीच घरी पाठवली होती. मी तिच्या नावावर आडवी रेघ मारली, पुढे 'रद्द' लिहिलं, आणि रेघेच्या पलीकडे तिचं पोट आतून किती स्वच्छ आहे ते माझ्या अक्षरात तसंच राहून गेलं.

ती ओळ कोणाच्या नजरेस पडली नसती तर आज लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' असा निरोप आला तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा आलं, यांना कोणी पाठवलं असेल? माझ्याकडून काय काढून घ्यायचंय? आता ती सवयच झालीय.

माझं गाव पुसदच्या पलीकडे. शाळा सातवीला सुटली. नवरा टोमॅटोच्या हंगामात पिकअप चालवायला नारायणगावला आला, त्याच्यामागे मी आले. इथल्या बायका माझं 'मले-तुले' ऐकून हसायच्या, म्हणून पहिलं वर्षभर मी कमीच बोलले. मग हायवेजवळच्या एका बायकांच्या दवाखान्यात झाडलोटीला लागले. दवाखान्याचं नाव सांगत नाही. आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, जिवंत आहेत, दवाखाना चालू आहे, आणि मी अजून तिथेच आहे. झाडता झाडता मी थिएटरात गेले, थिएटरात वही हातात आली. याला एकोणीस वर्षं झाली.

थिएटरातली वही म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. प्रत्येक ऑपरेशनची एक ओळ. नाव, वय, गाव, भूल कोणती, कापसाचे बोळे किती आत गेले आणि किती बाहेर आले. शेवटी सगळ्यात रुंद रकाना असतो, आत काय दिसलं त्याचा. डॉक्टर हातमोजे काढता काढता सांगतात, मी लिहायचं. घरी जाताना पेशंटला जे कार्ड मिळतं ते या रकान्यावरूनच उतरवतात. सही डॉक्टरांची, अक्षर माझं.

आता माझी अडचण ऐका. सांगितलेलं इंग्रजीत असायचं. मॅडमनी मला एका कागदावर नमुना लिहून दिला होता आणि मी ती अक्षरं चित्र काढल्यासारखी उतरवायची. एक ओळ उतरवायला मला बराच वेळ लागे, आणि ऑपरेशन संपलं की सगळ्यांना घाई. दुसऱ्या बाईला आत घ्यायचं असतं, तेव्हा कोण माझ्या एकेका अक्षरासाठी थांबणार? म्हणून मी एक युक्ती काढली. सकाळी थिएटर पुसून झालं, वाफवलेल्या कपड्यांचे ड्रम लावले, की दिवसाच्या यादीतल्या सगळ्या बायकांची ओळ पूर्ण करून ठेवायची. शेवटच्या रकान्यासकट. आमच्याकडे बहुतेक कुटुंबनियोजनाची ऑपरेशनं. शंभरातल्या बहुतेक बायकांच्या पोटात नॉर्मलच असतं. काही वेगळं निघालं तर मी सुनंदा सिस्टरला विचारून बाजूला बारीक अक्षरात घालायची. सुनंदा सिस्टर इथल्याच, आमच्या थिएटरच्या इनचार्ज. त्यांना हे माहीत होतं. त्या म्हणायच्या, "कांता, तुजं काम लई अडव्हान्स असतंय बाई."

मॅडम वही तपासायच्या तेव्हा एकही ओळ अर्धवट नसायची. त्या बाहेरच्या डॉक्टरांना कौतुकानं सांगायच्या, आमची कांता सातवी शिकलीय, पण रेकॉर्ड बघा. मला तेवढंच पाहिजे होतं. घरापासून इतक्या लांब, ज्यांनी हाताला धरून अक्षर शिकवलं त्यांच्यापुढे मला कमी पडायचं नव्हतं. पी.ओ.डी. म्हणजे गर्भाशयाच्या मागची खोबण, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी कितीतरी वर्षं शरीरातली ती जागा कुठे असते हे माहीत नसताना ती मोकळी आहे असं मी लिहून देत होते.

पुण्याहून एका अभ्यासासाठी तन्वी मॅडम आल्या त्या याच वह्या बघायला. पंचविशी ओलांडलेली मुलगी, पाठीवर सॅक, हातात पट्टी आणि पेन्सिल. पहिल्या दिवशी तिनं आमचा चहा घेतला नाही. सुनंदा सिस्टरना तेवढं पुरेसं होतं.

"चा घेत न्हाई म्हंजे काम काढून घ्यायला आलीया," त्या म्हणाल्या. "चा पिणारं मानूस असं वह्या वाचत न्हाई."

काम असं होतं. एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार आहे. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं, दर महिन्याला पाळीच्या वेळी जे गळून जातं, तसलंच अस्तर काही बायकांच्या पोटात गर्भाशयाच्या बाहेर, नको तिथे रुजतं. अंडाशयावर, आतड्यावर, त्या मागच्या खोबणीत. पाळी आली की तेही सुजतं, दुखतं. हळूहळू आतले अवयव एकमेकांना चिकटतात. सोनोग्राफीत बरेचदा काही दिसत नाही. बाई लोळत असते आणि रिपोर्ट चांगला असतो. बेंबीतून दुर्बीण घालून डोळ्यांनी बघितलं तर दिसतं. पण बघणारा प्रत्येक डॉक्टर आपल्या मनानं लिहितो. एक लिहितो 'थोडं', दुसरा लिहितो 'बरंच', तिसरा काहीच लिहीत नाही. मग वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या बायकांचं एकत्र मांडून काही शिकायचं तर कसं शिकणार? म्हणून सगळीकडे एकच फॉर्म, एकच पद्धत. त्याआधी जुन्या वह्यांत काय कसं लिहिलंय ते त्यांना बघायचं होतं.

हे तिनं आम्हाला नीट समजावून सांगितलं. आमचा विश्वास बसला नाही. मोठ्या मॅडमना वाटलं, पुण्याचे लोक तालुक्याच्या दवाखान्यातल्या चुका काढून कुठेतरी वाचून दाखवणार. सुनंदा सिस्टरना वाटलं, चौकशी लागलीय आणि ही मुलगी साध्या कपड्यांत आलीय. मला वाटलं, एवढं सगळं माझी सातवी बाहेर काढायला चाललंय. एवढ्या लांबून माणूस पाठवून एका बाईची सातवी कोण कशाला काढील, हा विचार तेव्हा सुचत नाही.

वहीतली मापं वाचून मात्र तिला हसू आवरेना. गाठ लिंबाएवढी, गाठ बोराएवढी, गाठ सुपारीएवढी. एका ठिकाणी होतं, द्राक्षाएवढी.

"द्राक्ष म्हणजे किती सेंटिमीटर धरायचं?" तिनं विचारलं.

"कोनचं द्राक्ष त्याच्यावर हाय," सुनंदा सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या. "शरद म्हनलं तर येगळं, सोनाका लांबडं असतंय. आन टोमॅटोएवडी लिवली आसंल तर पयल्या तोड्याचा का शेवटच्या, ते इचारावं लागंल."

"मग ते कुठे लिहिलंय?"

"ते कशाला लिवायचं? हितं सगळ्यांना ठावं असतंय."

तन्वी मॅडमनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्या दिवशी तिनं चहा घेतला.

पेशंटचे लोक तर आमच्याहून वरचढ. आधी प्रत्येकीची परवानगी घ्यायची, नाव काढून नुसता नंबर ठेवायचा असा नियम होता. जुन्नरकडचे मेंढरं राखणारे एक बाबा सुनेला घेऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव काडलं तर मंग ते आमचं कशावरनं? आन आमचं न्हाईच तर आमाला इचारता कशापायी?"  तन्वी हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्या मीटिंगला या." बाबा म्हणाले, "यीन की. मेंढरं कोन बगंल?" सुनेनं मात्र अंगठा न देता पूर्ण सही केली.

तिसऱ्या दिवशी तिला ती रद्दची ओळ सापडली. तिनं मागची पानं चाळली, पुढची चाळली. मग वही माझ्यापुढे ठेवून पेन्सिलीचं टोक त्या रकान्यावर टेकवलं.

"कांताताई, ह्या बाईंचं ऑपरेशन झालंच नाही ना?"

"नाही."

"मग हे कोणी बघितलं?"

आवाज चढवला असता तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. पण तिनं खरोखर विचारायचं म्हणून विचारलं होतं.  मी म्हटलं, "मोठ्या मॅडमना बोलावते."

मॅडम आल्या. त्यांनी ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मला का नाही सांगितलंस? हळू लिहिते म्हणाली असतीस तर मी थांबले असते."

 मला नाही वाटत त्या थांबल्या असत्या. पण त्यांना तसं वाटत होतं, आणि ते मोडायला माझी जीभ उचलली नाही.

दार लावून त्या दोघी बराच वेळ बोलल्या. बाहेर सुनंदा सिस्टर म्हणाल्या, "आता तुज्यावर सगळं ढकलून मोकळ्या हुतील. बग." तसं झालं नाही. मॅडमनी मला कामावरून काढलं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा माझ्या काळजीत अडकून पडेल, आणि इथे काळजी करायची बाई वेगळी आहे. जुन्या वह्या अभ्यासात धरायच्या नाहीत असं ठरलं. मॅडम मला म्हणाल्या, "मागचं जाऊ दे. आजपासून बघितल्याशिवाय एक अक्षर नाही." मी उपकार मानून मान हलवली.

मागचं जाऊ दे म्हणाल्या तेव्हा माझ्या मनात एक नाव होतं. ते मी सांगितलं नाही.

नाव मनीषाचं. डिंभ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली सून. तीन वर्षांपूर्वी मूल राहत नाही आणि पोटात दुखतं म्हणून तिला दुर्बिणीसाठी आणलं होतं. तेव्हा आमच्याकडे गुरुवारी बाहेरून एक सर यायचे, दुर्बिणीचं काम तेच करायचे. मी त्या दिवशी पडद्याकडे बघतही नव्हते. दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून गरम पाण्याचा थर्मास सांभाळत होते. सर म्हणाले, "मागे बघा, मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके आहेत. आतडं डावीकडे ओढून धरलंय." मग त्यांनी लिहायला म्हणून इंग्रजीत दोन-तीन लांबलचक शब्द सांगितले आणि हातमोजे काढले. त्यांना पुढे संगमनेरला जायचं होतं.

"लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर," मी म्हटलं.

त्या दिवशी सुनंदा सिस्टर भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. उद्या आल्या की विचारून बाजूला घालीन, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दोन सिझर आली आणि ते राहिलं. सर जाताना मोठ्या मॅडमना म्हणाले होते, डिंभ्याच्या पेशंटचं नोटमध्ये आहे, बघून घ्या. मॅडमनी नोट, म्हणजे माझी वहीतली ओळ, बघितली. नोटमध्ये नॉर्मल होतं. कार्डावरही तेच उतरलं. पुढे सरांचं येणं बंद झालं आणि मॅडम स्वतः दुर्बिणीचं काम शिकल्या.

नवा फॉर्म आला तो चार पानांचा. सुनंदा सिस्टर म्हणाल्या, "एवडे रकाने तर आमदाराच्या फारमातबी नसत्यात." त्यात पोटातली प्रत्येक जागा वेगळी. डावं अंडाशय, उजवं अंडाशय, मागची खोबण, आतडं, मूत्राशय. माप सेंटिमीटरमध्ये, त्यासाठी खुणा केलेली सळई आत घालून मोजायचं. रंग कोणता, चिकटलंय तर किती. आणि प्रत्येक जागेपुढे तीन चौकोन. दिसलं. पाहिलं, काही नाही. पाहता आलं नाही.

हा तिसरा चौकोन मोठ्या मॅडमना आवडला नव्हता. "पाहता आलं नाही असं मी लिहून देऊ? म्हणजे मी काम नीट करत नाही असंच दिसणार."

"उलट आहे मॅडम," तन्वी म्हणाली. "तो चौकोन कधीच भरला नाही, तर बाकीच्या दोन्हींवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

फॉर्म भरायचा माझ्याकडेच आला. तन्वी मॅडमनी प्रत्येक जागा मराठीत लिहून दिली, चित्रासकट. आता पद्धत अशी की मी मोठ्यानं जागेचं नाव वाचायचं आणि मॅडमनी तिथे दुर्बीण नेऊन उत्तर द्यायचं. मी पुढची जागा तोवर वाचत नाही. पहिल्या दिवशी माझा आवाज फुटेना. मी डॉक्टरला विचारणार आणि डॉक्टर मला सांगणार, हे तोंडाला वळण नव्हतं. मॅडम मास्कच्या आतून म्हणाल्या, "विचार गं. तू विचारल्याशिवाय मी पुढे जाऊ का?" त्या दिवसापासून मी पडद्याकडे बघायला लागले. बायकांच्या पोटात काय असतं ते इतकी वर्षं थिएटरात राहून मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मग मनीषा परत आली.

सोबत सासू, हौसाबाई. नवरा फाटकाशी मोबाईल बघत उभा राहिला, आत आलाच नाही. मनीषा खुर्चीच्या कडेवर एका अंगावर भार देऊन बसली होती. हौसाबाईंनी पिशवीतून आमचं जुनं कार्ड काढलं. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं, एक डाग नाही.

"हे तुमचंच हाय ना? ह्याच्यात नारमल लिवलंय. डाक्टरनी आत नळी घालून बगितलं, कायबी न्हाई. तरी ही बया महिन्यातलं आठ दिस निजून आसती. भात लावनीला तर बरूबर दुकायला लागतं. आमी चार मान्सांत दाखवलंय हे कारड. ती मान्सं म्हनली, येकदा परत लिवून आना, मंग सोडचिठ्ठीचं बगू."

 मनीषाकडे बघून वाटलं, हिनं बोलायचं कधीच सोडून दिलंय.

मॅडमनी तिला तपासलं. तपासताना तिनं टेबलाची कड इतकी आवळून धरली की मॅडम थांबल्या. त्यांनी पुन्हा दुर्बीण करायची ठरवली. हौसाबाई तयार झाल्या, त्यांना कागद पाहिजे होता. मी ती रात्र कशी काढली ते सांगत बसत नाही. मनात दोनच गोष्टी होत्या. काही निघू नये, म्हणजे माझी जुनी ओळ खरी ठरेल. आणि हे मनात आलंच कसं, म्हणून लाज.

दुसऱ्या दिवशी मी वाचत गेले. डावं अंडाशय? दिसलं, चिकटलेलं. मागची खोबण?  पडद्यावर खोबण नव्हतीच. आतडं पुढे ओढून गर्भाशयाला चिकटलेलं, आणि कडेनं ते काळे ठिपके. मॅडम हळू म्हणाल्या, "पाहता येत नाही. बंद झालीय." मी तिसरा चौकोन भरला.  जेवढं सुरक्षित होतं तेवढं मॅडमनी सोडवलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि आतड्याचं मोठं काम पुण्याला करावं लागेल असं सांगितलं.

तुकड्याचा रिपोर्ट आल्यावर सगळे मॅडमच्या खोलीत बसले. मी फॉर्म घेऊन दाराशी उभी होते. मॅडमनी चित्र काढून आजार समजावला. हौसाबाईंनी ऐकलं आणि जुनं कार्ड नव्या कागदाशेजारी ठेवलं.

"तवाबी तुमीच लिवलं. आताबी तुमीच लिवलं. कोनचं खरं धरू?"

मॅडमनी दोन्ही कागद वाचले. मग म्हणाल्या, "हा आजार वाढतो, आजी. तीन वर्षांत वाढला असेल."

हे खोटं नव्हतं. आजार वाढतोच. मॅडमना दुसरं काही माहीतही नव्हतं, त्यांच्या समोर नोट होती आणि नोटमध्ये नॉर्मल होतं. मी गप्प राहिले असते तर ते तिथेच मिटलं असतं. दवाखान्याचं नाव राहिलं असतं, माझं काम राहिलं असतं, मनीषाला औषधपाणीही मिळालं असतं.

पण हौसाबाई कच्च्या नव्हत्या. "म्हंजे तवा न्हवतं," त्या म्हणाल्या. "आताचं आता बगू. पर तवा न्हवतं तर ती तीन वर्सं कशापायी निजत व्हती? तेवडं नाटकच झालं की."

मनीषानं मान खाली घातली. तिनंही ते मान्य केल्यासारखं दिसलं. ते मला बघवलं नाही.

मी बोलले तेव्हा इतक्या वर्षांत घासून घेतलेली माझी भाषा कुठच्या कुठे गेली. "तवाही होतं जी," मी म्हटलं. "त्या सरांनी सांगतलं होतं, काळं काळं आहे, आतडं ओढलं आहे. मले लिहिता आलं नाही. म्या सकाळीच लिहून ठेवलं होतं नॉर्मल, तिले आत न्यायच्या आधी. हे कार्ड माझ्या हातचं आहे. तिचं खोटं नव्हतं."

 मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

हौसाबाई मला न्याहाळत राहिल्या. "आन आता का सांगतीस? कोनी शिकवलं तुला?"

"कोणी नाही."

"ही तुज्या नात्यातली हाय का?"

"नाही जी. माझं गाव लई दूर आहे."

"मंग तुला काय पडलंय?"

मी हातातला फॉर्म मॅडमपुढे ठेवला. हौसाबाईंना माझं पटलं की नाही कळलं नाही. त्या सुनेकडे वळल्या, आवाज अजून करडाच होता.

"कुटं दुकायचं गं?"

मनीषानं डाव्या बाजूला, खाली, हात ठेवला. "हितं. आन मागं. परसाकडं बसलं की जीव जायचा."

"मंग बोलायचंस न्हाई व्हय?"

"बोलले व्हते की, आत्याबाई," मनीषा म्हणाली. "लावनीच्या दिशीच बोलले व्हते. तुमी म्हनला, कारडावर न्हाई."

मॅडमनी हात पुढे करून ते कार्ड मागितलं. दुरुस्त करून देते म्हणाल्या. हौसाबाईंनी ते पाकिटात घातलं आणि पिशवीत टाकलं.

"दुरुस्त नगं. हेच मी चार मान्सांत दाखवलंय, आता हेच घिऊन जायचं. पर माज्या तोंडाला कोन इचारतंय? म्हनतील, म्हातारीला सुनंनं फितवलं. ही बाई संगं यील का? हितं बोलली तेच तितं बोलायचं."

मी मॅडमकडे बघितलं. काढून टाकल्याचं ऐकायचीच तयारी केली होती. मॅडम नव्या फॉर्मवरचे माझे चौकोन बघत होत्या, जणू एकेक पुन्हा तपासत होत्या.

"रविवारी तिला सुट्टी असते," त्या म्हणाल्या.

रविवारी डिंभ्याच्या पुढे बस मिळाली नाही. जीपवाल्यानं अर्ध्यात सोडलं, पुढचं मी चालत गेले. देवळाच्या ओट्यावर चार माणसं होती, त्यांनी मला तेच तेच तीन-तीनदा विचारलं. कोणी पाठवलं, दवाखान्याचा यात काय फायदा, तू डॉक्टर नाहीस तर तुझं का ऐकायचं. मी प्रत्येक वेळी एवढंच सांगितलं की डॉक्टर नाही, सातवी शिकलेय, आणि न बघता लिहिलं ते मीच. शेवटी एक जण म्हणाला, "सोतावर कोन कशाला घील उगं." सोडचिठ्ठीचा विषय पुन्हा निघाला नाही. दुपार झाली होती, घराघरांतून बायका पाण्याला निघाल्या होत्या. मनीषा ओट्याच्या पायरीवर सासूच्या शेजारी बसून होती, आणि तिला कोणी ऊठ म्हटलं नाही.